पाठकोऱ्या कागदावर 26 मिती

अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायचो तेव्हा दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, "सर, स्ट्रिंग थिअरीला जास्तीच्या मिती कशाला लागतात?" "गणित तसं सांगतं," म्हणून मी वेळ मारून न्यायचो. स्ट्रिंग थिअरी म्हणजे मूलभूत कण हे ठिपके नसून अतिसूक्ष्म तारा आहेत, आणि तार जशी कंप पावेल तसा कण दिसतो, ही कल्पना. तिचं ते गणित पाठकोऱ्या कागदावर मावतं हे रिटायर झाल्यावर कळलं. करून बघा.

आधी गॅलरीतली कपड्यांची दोरी हलवा. वरखाली हलते, मागेपुढे हलते. लांबीच्या दिशेतलं सरकणं धरायचं नाही. मूलभूत तारेवर खुणेचे ठिपके नसतात, त्यामुळे ते सरकणं कळणारच नाही. एकूण मितींना 'म' म्हणा. त्यातून काळ वजा, लांबी वजा. हलायच्या दिशा उरल्या म−2.

प्रत्येक दिशेत तारेचे सूर 1, 2, 3… अशा पटीत. क्वांटमच्या नियमाने गप्प असलेला सूरसुद्धा आपल्या पटीच्या निम्मी ऊर्जा खातोच. म्हणजे दर दिशेला ½ × (1+2+3+…). बेरीज अनंत, आणि इथे पोरं हसतात. हसू द्या. अनंत भाग रीतसर बाजूला काढला की कंसात −1/12 उरतो. रामानुजननी 1913 साली इंग्रज गणितज्ञ हार्डींना पत्रातून कळवलेला तोच आकडा. दर दिशेला −1/24.

आता सर्वांत खालचा सूर एकदा छेडा: ऊर्जेत 1 ची भर. सोयीच्या एककांत, तयार झालेल्या कणाच्या वस्तुमानाचा वर्ग 1 − (म−2)/24.

खरी मेख पुढे आहे. वस्तुमान असलेला कण थांबू शकतो, आणि थांबलेल्याला अवकाशातल्या सगळ्या दिशा सारख्याच. त्याला कंपनाच्या म−1 दिशा लागतात. आपल्याकडे आहेत म−2. तेवढ्यावर भागतं फक्त प्रकाशासारख्या, कधीच न थांबणाऱ्या, वस्तुमानशून्य कणाचं. म=4 घालून पाहा: 11/12 येतं. वस्तुमान आहे, दिशा मात्र दोनच, हव्यात तीन. रिलेटिव्हिटी तिथेच मोडली. उत्तर शून्य यायला म−2 = 24 हवं. मी पहिल्यांदा 24 वरच थांबून खूश झालो होतो! दोन परत मिळवा: 26. भौतिकशास्त्रज्ञ लवलेस यांना हा आकडा 1971 साली सापडला.

जास्तीच्या मिती दिसत का नाहीत? गुंडाळून अतिसूक्ष्म झाल्या असतील, ही भौतिकशास्त्रज्ञ क्लाइन यांची 1926 ची कल्पना. प्रयोगात अजून एकही सापडलेली नाही, हे पोरांना आवर्जून सांगा.

सुपरस्ट्रिंगचं, म्हणजे इलेक्ट्रॉनसारखे पदार्थाचे कणही सामावून घेणाऱ्या सुधारित स्ट्रिंग थिअरीचं, गणित तुम्हीच करा. तिथे दर दिशेला −1/16 आणि पहिली पायरी ½ ची. उत्तर 8 आलं, तर तुम्हीही दोन मिळवायला विसरलात.