सागवानी-शिसवी फर्निचर घ्यायचं कसं आणि पुढे विकायचं कसं

मी पुण्यात जुनं लाकडी सामान घेतो, नीट करतो आणि विकतो. त्यामुळे विकणाऱ्या काकूही माझ्याशी भांडतात आणि घेणाऱ्या वहिनीही माझ्याशीच. काकूंचं म्हणणं ठरलेलं असतं: "अहो, अस्सल सागवान आहे, आणि तुम्ही एवढेच देताय?" काकू, सागवानाबद्दल वाद नाही. पण हे कपाट सात फूट उंच, एकसंध, आणि मिस्त्रीने ते तुमच्याच बेडरूममध्ये बसून बनवलंय. त्या खोलीच्या दारातून ते कधी आत आलेलंच नाही, मग बाहेर कसं जाणार? करवत लावून. एकदा करवत लागली की कपाट संपलं, उरलं ते लाकूड. मी देतो तो भाव त्या लाकडाचा.

म्हणून हाताने घडवलेलं फर्निचर नवं घ्या की जुनं, पहिला प्रश्न लाकडाच्या जातीचा विचारू नका. खोलता येतं का, ते विचारा.

जुन्या कारागिरांना हे पक्कं ठाऊक होतं. वाड्यातला शिसवी पलंग बघा. बोल्ट काढले की डोक्याकडची बाजू, पायाकडची बाजू आणि दोन लांब पट्ट्या वेगळ्या होतात. मच्छरदाणीच्या दांड्या नुसत्या उचलून काढायच्या. जुन्या मोठ्या कपाटाची वरची नक्षीदार पट्टी बऱ्याचदा सुटी असते, आणि खालचा खणांचा भाग वेगळा. इराणी हॉटेलातली गोल बैठकीची खुर्ची तर या बाबतीत सगळ्यांची गुरू. तिचं मूळ म्हणजे युरोपातल्या मिशाएल थोनेट या फर्निचर-कारखानदाराची १८५९ सालची १४ नंबरची खुर्ची: सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत, म्हणून तर ती जगभर गेली. आपल्याकडे ती सर्रास 'बर्मा टीक', म्हणजे म्यानमारचा साग, म्हणून विकतात. ते बीच आहे, युरोपातलं लाकूड, वाफेवर मऊ करून वाकवलेलं. खुर्ची जरूर घ्या, पण सागाचा भाव देऊ नका.

वस्तू बघायला जाताना टेप न्या, आणि निघण्याआधी स्वतःच्या लिफ्टचं दार मोजा. सहा माणसांच्या लिफ्टचं दार बऱ्याच सोसायट्यांत ७०० मिलिमीटर असतं, म्हणजे सव्वादोन फुटांच्या जरासं वर. जिन्याचं वळणही मोजा. तुम्हाला पुढे गिऱ्हाईक मिळेल त्याचीही लिफ्ट साधारण एवढीच असणार.

आता लाकूड.

दुकानात 'सॉलिड वुड' एवढंच लिहिलेलं असेल तर त्यातून काहीही कळत नाही. आंबाही सॉलिड, रबरवुडही सॉलिड. खण बाहेर काढून उलटा करा, टेबलाखाली वाका, पाठीमागे बघा. पॉलिश पुढून असतं, लाकूड मागून दिसतं. मालकाची परवानगी घेऊन आतल्या बाजूला नखाएवढी जागा पटाशीने खरवडली तर साग सोनेरी-तपकिरी निघतो, हाताला किंचित तेलकट लागतो आणि चामड्यासारखा वास येतो. शिसव जांभळट-काळसर असतं आणि वजनाला भारी. सागाचा एक घनफूट साधारण १८ ते १९ किलो भरतो, शिसवाचा २३-२४. एकाच मापाच्या दोन खुर्च्या दोन हातांत उचलून बघा, फरक मनगटाला कळतो.

सागाचाही गाभा बघायचा. कडेला पांढरट पट्टा दिसला तर ते सालीलगतचं कच्चं लाकूड. भुंगेऱ्याला तेच आवडतं. आजकाल घाना, इक्वेडोर अशा ठिकाणांहून लागवडीचा साग येतो. झाड लवकर तोडलेलं असेल तर त्यात हा पट्टा जास्त. हा साग वाईट नाही, पण दुकानदार गडद रंग मारून तो पट्टा झाकतो आणि भाव गाभ्याचा लावतो. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या जंगलातला, बल्लारशाच्या डेपोतून लिलावात निघणारा साग वेगळा. नव्या संसद भवनाला आणि अयोध्येच्या राममंदिराच्या दारांना तिकडचाच साग गेला. बर्मा टीकची गोष्ट निराळी. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून गोल ओंडक्यांची निर्यात बंद केली. तेव्हा नव्या कपाटाला कोणी 'अस्सल बर्मा' म्हणत असेल, तर लाकूड कुठल्या पाडलेल्या इमारतीतून आलं ते विचारा. जुन्या तुळईतून कापलेल्या फळीत खिळ्यांची काळी पडलेली भोकं हमखास असतात. ती दिसली तर खूश व्हा, तक्रार करू नका.

शिसम आणि शिसव एक नव्हे. शिसम उत्तरेकडचा, सहारनपूरची नक्षी आणि जोधपूरचं बरंचसं फर्निचर त्याचंच. चांगलं लाकूड आहे, पण 'रोझवुड' म्हणून शिसवाच्या भावाने घेऊ नका. जोधपूरला नवं फर्निचर घासून, ठोकून, रंगाचे थर खरवडून जुनं दिसेल असं करतात. तो उघड धंदा आहे, त्यात लबाडी नाही. लबाडी इथे होते, जेव्हा तेच टेबल 'राजवाड्यातलं' होतं. खरी झीज जिथे हात-पाय लागतात तिथेच असते: आरामखुर्चीच्या हातांची टोकं, पुढची आडवी दांडी, खणाच्या मुठीभोवतीचा भाग. पाठीमागेही तेवढीच झीज दिसली तर ती पॉलिश पेपरची.

जुन्या वस्तूला किड्याची भोकं असली म्हणून पळून जाऊ नका. पायाखाली काळा कागद अंथरून ती वस्तू काही दिवस तिथेच ठेवायला सांगा. कागदावर ताजा भुसा पडला तर किडा जिवंत आहे. काही पडलं नाही तर भोकं जुनी, भाव कमी करायला उपयोगी.

नवं करून घेत असाल तर मिस्त्रीकडून कागदावर लिहून घ्या: लाकूड कुठलं, किती घनफूट, पाठीला प्लाय की फळी, सांधे कुसू घालून (एका तुकड्याचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून) की नुसते स्क्रूवर, पॉलिश कुठलं. घनफुटाचा हिशेब तुम्हालाही करता येतो. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्या, तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भागा. सहा फूट लांब, सहा इंच रुंद, दीड इंच जाड पट्टी म्हणजे ०.३७५ घनफूट. सगळे तुकडे असे मोजले की बिलात 'बारा घनफूट' लिहिलेल्या पलंगात खरंच किती लाकूड आहे ते समजतं. वाया जाणारं लाकूड मिस्त्री धरतोच, ते धरू द्या, पण दुप्पट नको.

आणि एक अट घाला: पॉलिशच्या आधी मी बघायला येणार. उघड्या लाकडाचे, सांध्यांचे, मागच्या बाजूचे फोटो त्याच दिवशी काढून बिलासोबत ठेवा. एका ताईंनी असं केलं होतं. पुढे बंगळुरूला जाताना त्यांनी सागवानी डायनिंग टेबल विकायला काढलं, तेव्हा घेणाऱ्याला ते फोटो दाखवले आणि मला मध्ये पडायची गरजच उरली नाही. माझं नुकसान झालं, पण पद्धत उत्तम आहे.

विकायची वेळ आली की लोक आधी पॉलिशवाल्याला बोलावतात. नका बोलावू. जुन्या वस्तूवर बहुधा चपड्या लाखेचं फ्रेंच पॉलिश असतं. झाकलेल्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा फिरवा. चिकट झालं तर तेच. त्याच्यावर चकचकीत पीयू (पॉलियुरेथेनचं आधुनिक पॉलिश) मारलं की जुन्याची आवड असलेलं गिऱ्हाईक जातं, आणि नव्याची आवड असलेलं गिऱ्हाईक मुळात आलेलंच नसतं. ओल्या फडक्याने धूळ पुसा, कोरडं करा, बास. झोपाळ्याच्या पितळी कड्या मोडीत घालू नका. कड्यांसकट झोपाळा आठवड्यात जातो, कड्यांशिवाय ती नुसती फळी.

काय जातं आणि काय जात नाही, हेही सांगून टाकतो. आरामखुर्ची, झोपाळा, लिहायचं उतरतं डेस्क, छोटं फडताळ, टीपॉय: पटकन जातात. वेताची जाळी फाटलेली असली तरी चालतं, विणणारे अजून मिळतात. पाळणा हातोहात जातो, लोक शुभ मानतात. पलंगाचं उलट. "यावर कोणी गेलं होतं का?" हे निम्मी गिऱ्हाइकं दबक्या आवाजात विचारतात. खरं ते सांगा. शेजारी सांगणारच असतात. दुसऱ्याच्या घरचा देव्हारा घ्यायलाही लोक कचरतात, तो नातेवाइकांत आधी विचारा. सहा-सात फुटी शोकेसला आज कोणी विचारत नाही, टीव्ही भिंतीवर गेल्यापासून तिचं कामच संपलं.

दसरा-दिवाळीच्या आधीचा महिना विकायला चांगला, पितृपंधरवडा सोडून. घेणाऱ्यांनी मात्र नेमकं पितृपंधरवड्यातच यावं. दुकान ओस असतं, मी ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत असतो.

दुकानदाराला दिलंत तर विक्रीच्या भावाच्या निम्म्याहून कमी मिळेल. टेम्पो, हमाल, दुरुस्ती, आणि गोदामात ती वस्तू किती महिने बसेल याचा भरवसा नाही. जास्त हवे असतील तर स्वतः विका. फोटोत पुढची बाजू एकदा पुरे, खालची, मागची, सांध्यांची आणि डागांची जास्त घाला. लांबी-रुंदी-उंची लिहा, मजला लिहा, लिफ्टमध्ये जातं की नाही ते लिहा. न बघताच "लगेच घेतो, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा म्हणजे पैसे येतील" म्हणणारा भेटला तर फोन ठेवा. पैसे घ्यायला स्कॅन लागत नाही आणि पिनही लागत नाही.

परदेशी नेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. शिसव आणि शिसम ही दोन्ही डाल्बर्जिया वंशातली झाडं २ जानेवारी २०१७ पासून साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहेत, त्यामुळे शिसवी पलंगाला परवान्याची कागदपत्रं लागतात. सागाला ही अडचण नाही. आणि शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते, मग ती खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा न्यू जर्सीच्या लेकीसाठी पणजीचा पलंग राखून ठेवणाऱ्या आजींनो, कंटेनर ठरवण्याआधी पुरातत्त्व खात्याकडून ती वस्तू पुरावस्तू नसल्याचा दाखला मिळतो का ते बघा.

वस्तू उचलायच्या दिवशी पैसे खात्यात आल्याशिवाय पहिला बोल्ट काढू नका. सोसायटीचा गेटपास आदल्या दिवशी घ्या. सुटे करताना प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना खडूने एकच आकडा घाला, बोल्ट-नट कापडी पिशवीत भरून पलंगाच्या पट्टीलाच बांधा. ती पिशवी टेम्पोवाल्याच्या खिशात गेली की रात्री अकराला मला फोन येतो.