घरातलं पोर 'हुशार' ठरलं असेल तर

पाव्हणे आले की पोराला पुढ्यात उभं करून एकोणतीसचा पाढा म्हणायला लावणं सगळ्यात आधी थांबवा. मी यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते, आणि त्याआधी घाटंजीकडच्या एका खेड्यात 'हुशार पोट्टी' म्हणून वाढले. दोन्हीकडचं पाहिलं आहे म्हणून सांगते. पाढा म्हणताना पोराचं लक्ष आकड्यांत नसतं, पाव्हण्याच्या तोंडाकडे असतं. "वा रे पठ्ठ्या, हा कलेक्टरच होते बरं!" म्हणून पाव्हणा चहा पिऊन निघून जातो. पोराच्या मनात मात्र पक्कं बसतं की या घरात आपली किंमत न चुकण्यावर आहे.

त्याचा परिणाम वहीत दिसतो. अशा पोरांची वही उजेडाकडे धरून बघा. खोडरबरानं घासून घासून कागद एका जागी इतका पातळ झालेला असतो की मागच्या पानावरचं अक्षर दिसतं. चूक झाली होती हेच कोणाला कळू नये म्हणून ही धडपड. वर्गात ते खात्री असली तरच हात वर करतं, नसली की पेन्सिलीला टोक काढत बसतं. म्हणून घरात एक नियम करा: चुकलेलं गणित खोडायचं नाही, त्यावर एक रेघ मारायची आणि खाली नव्यानं सोडवायचं. माझ्या वर्गात हाच नियम आहे, आणि सुरुवातीला सगळ्यात जास्त रडतं ते पहिल्या नंबरचं पोर.

हे माझ्या एकटीचं मत नाही. १९९८ मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या अमेरिकेतल्या दोन संशोधक बाईंनी पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. सोपी कोडी सोडवल्यावर काही मुलांना 'तू हुशार आहेस' म्हटलं, काहींना 'तू मेहनत घेतलीस' म्हटलं. मग सगळ्यांना अवघड कोडी दिली, ती कोणाला धड जमली नाहीत. त्यानंतर पुन्हा पहिल्यासारखीच सोपी दिली, तेव्हा हुशार म्हटलेली मुलं आधीपेक्षा मागे पडली आणि मेहनतीची शाबासकी मिळालेली पुढे गेली. हुशार म्हटलेल्यांतल्या बऱ्याच जणांनी आपले गुणही वाढवून सांगितले.

मग कौतुक करायचंच नाही का? करा, पण "हे तू कसं काढलं, मले सांग बरं" असं विचारून करा. तुम्ही चौथीपर्यंतच शिकला असाल तर उलट बरंच. तुम्हाला खरंच माहीत नसतं, त्यामुळे पोराला नीट समजावून सांगावं लागतं, आणि सांगता सांगता ते जिथे अडतं तिथेच त्याचं शिकणं सुरू होतं. अडलं की लगेच मोबाईल काढून उत्तर शोधू नका. रात्रभर अडू द्या.

त्याला खरोखर अडवणारं काम हवं असेल तर ते वावरातच आहे. पराटी (कपाशी) चार फूट बाय दीड फुटावर टोबली असेल तर एका झाडाला सहा चौरस फूट जागा. एकराचे ४३,५६० चौरस फूट, म्हणजे ७,२६० झाडं. हे पाचवीतलं पोर चुटकीसरशी करतं. इथे थांबू नका. त्याला म्हणा, आपल्या वावरात नांग्या, म्हणजे झाड न उगवलेल्या जागा, किती पडल्या ते सांग. सगळं वावर मोजायला वेळ नाही, मग किती तासं (झाडांच्या ओळी) मोजायची? बांधाजवळची मोजायची की मधली? चोपणाच्या (खारवट जमिनीच्या) पट्ट्यात जास्त खाडे असतील तर हिशेब कसा बदलतो? याचं उत्तर कोणत्याच गाईडात नाही, बापालाही ठाऊक नाही. माझ्या एका विद्यार्थिनीनं दोन ठिकाणची तासं मोजली, दोन वेगळी उत्तरं आली, आणि ती पुन्हा वावरात गेली. कोणी पाठवलं नव्हतं.

म्हणून हुशार पोराला कामातून सूट देऊ नका. "तू अभ्यास कर, निंदाले तुझी बहीण जाईन" हे वाक्य दोघांचंही नुकसान करतं. एक हुशार ठरलं की दुसरं आपोआप ढ ठरतं. आमच्या घरी मी हुशार होते, धाकटा भाऊ ढ होता. विहिरीवरची मोटर सुरू झाली की नुसत्या आवाजावरून तो बेअरिंग गेलं ते सांगायचा, आणि त्याला कोणी हुशार म्हटलं नाही. हुशारीच्या मोजमापाचा भरवसा किती धरायचा तेही ऐका. १९२१ साली लुईस टर्मन यांनी कॅलिफोर्नियात बुद्धिमत्ता चाचण्या घेऊन दीड हजाराच्या आसपास मुलं निवडली. त्या निवडीत न बसलेल्या विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ या दोघांना पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, निवडलेल्यांपैकी एकालाही नाही.

मुलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट, आणि ही मला फार लागते. हुशार आहे म्हणून शिकवतो, असं घरात बोललं जातं. त्याचा अर्थ तिला बरोबर कळतो: एकदा गुण घसरले की शाळा संपली, स्थळं सुरू. अशी मुलगी अवघड विषय घेतच नाही, जमेल तेवढंच घेते. तिला आताच स्पष्ट सांगा की पास झाली तरी शिकवू आणि नापास झाली तरी शिकवू.

परीक्षांना जरूर बसवा. शिष्यवृत्ती काही वर्षं पाचवी आणि आठवीला होती, आता ती पुन्हा चौथी आणि सातवीला केली आहे. आठवीत एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा देता येते, त्यात निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ते पैसे बियाण्यात जाऊ देऊ नका, पोराच्या वह्या-पुस्तकांना आणि एसटीच्या पासला ठेवा. नवोदय या सरकारी निवासी शाळेची परीक्षा पाचवीत असताना होते. निकाल लागला की स्टँडवर फोटोचा फ्लेक्स लावतात, तो लावू देऊ नका. आणि "आता तूच घर वर काढशीन" असं म्हणू नका. घरावर कर्ज आहे हे पोराला कळतंच, लपवायची गरज नाही. पण ते फेडायचं काम अकरा वर्षांच्या पोराच्या नावावर लिहू नका.

नवोदयला सहावीत साधारण ८० मुलं घेतात, आणि त्यातलं जवळपास प्रत्येक पोर आपापल्या शाळेतलं पहिलं. अकरावीला अमरावती-नागपूरला गेलं तरी तेच. पहिल्या चाचणीत आपलं पोर चाळिसावं आलं तर काही बिघडलेलं नाही, फक्त हे त्याला जाण्याआधी सांगून ठेवा. फोनवर "जमत नाही" म्हणालं तर "तू तर हुशार हायेस, तुले काहून जमत नाही?" हे तोंडातून काढू नका. कोणता विषय, कोणता धडा, कोणत्या ओळीपासून कळेनासं झालं ते विचारा, आणि वही घेऊन त्या सरांकडे जायला सांगा. जाऊन आलं का ते दोन दिवसांनी पुन्हा विचारा. फोन कमी झाले, जेवण सुटलं, झोप उडाली असं कळलं तर सुटीची वाट न बघता गाडीत बसा आणि भेटून या. आई-बापाशी बोलणं होत नसेल तर मनावरच्या ताणाबद्दल फोनवर बोलायला सरकारची टेलिमानस सेवा आहे, नंबर १४४१६, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. हा नंबर पेटी भरतानाच त्याच्या वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहून द्या, आणि कशासाठी आहे ते समजावून सांगा.