परदेशात बसून ऑफिसचं काम करताय? या चुका सोलापुरातच टाळा

थायलंडमधल्या चियांग माईत सकाळचे साडेअकरा वाजले होते, म्हणजे सोलापुरात दहा. खोलीचं भाडं भरायला कार्ड लावलं. बँकेनं ओटीपी पाठवला आणि तो गेला जुळे सोलापुरात, बाबांच्या जुन्या फोनवर. निघताना मीच शहाणपणा करून माझं सिम त्यात घालून ठेवलं होतं, 'ओटीपी आला की सांगा' म्हणून. बाबा सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेलेले आणि फोन घरी चार्जिंगला. शेवटी आईनं उचलला. तिला चष्मा सापडेपर्यंत पहिल्या ओटीपीची मुदत संपली, दुसऱ्यात सात आहे की एक यावर आमची वादावादी झाली आणि तिसऱ्याला कार्डच ब्लॉक झालं.

बाहेर राहून काम करताना होणाऱ्या बहुतेक फजित्या अशा घरूनच बॅगेत भरून नेलेल्या असतात.

सिम घरी ठेवू नका

भारतातलं सिम तुमच्याच फोनमध्ये आणि चालू पाहिजे. इंटरनॅशनल रोमिंग इथं असतानाच सुरू करून घ्या. तिकडं पोचल्यावर करू म्हणाल, तर त्यालाही ओटीपीच लागेल. इंटरनेटसाठी तिकडचं ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणारं सिम घ्या आणि भारतीय सिमचं डेटा रोमिंग बंद ठेवा, म्हणजे एसएमएस येत राहतात आणि बिल फुगत नाही. तुमच्या फोनला ई-सिम चालतं का, हे विमानतळावर नाही, नवी पेठेतल्या मोबाईलच्या दुकानात विचारा.

एवढं करूनही एसएमएस येत नसेल तर आधी एअरप्लेन मोड लावून काढा. तरीही नाही आला, तर सेटिंगमध्ये नेटवर्कची निवड 'ऑटोमॅटिक' असते ती बंद करा आणि यादीतलं दुसरं नेटवर्क हातानं निवडा. बऱ्याचदा एवढ्यानंच भागतं. ऑफिसच्या लॉगिनसाठी मात्र एसएमएसच्या भरवशावर राहूच नका. ऑथेंटिकेटर अ‍ॅप घ्या, त्याचे कोड नेट नसतानाही दिसतात.

कार्डाचं आणखी एक. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळं 2020 पासून नवीन कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात, ते आपण बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करायचे. आणि दुसरं कार्ड दुसऱ्या बॅगेत ठेवा. दोन्ही एकाच पाकिटात ठेवली तर दुसऱ्याचा उपयोग काय?

ऑफिसला न सांगता जाणं

सिमची चूक पैशांवर भागते, ही नोकरीवर येते. सोलापुरात बसून पुण्याच्या कंपनीचं काम करणारे आता गल्लोगल्ली आहेत. मॅनेजर 'कुठूनही कर' म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात भारतातलं कुठूनही असतं. सकाळी सोलापूर आणि संध्याकाळी दुसऱ्याच देशातून लॉगिन दिसलं, की बऱ्याच कंपन्यांची सिस्टीम खातं आपोआप बंद करते. हे नेमकं शुक्रवारी रात्री होतं आणि आयटीवाले सोमवारी भेटतात.

'व्हीपीएन लावून भारत दाखवू' हा सल्ला देणारे खूप भेटतील. आयटीला ते बहुतेक वेळा कळतं आणि मग साधी चूक लपवाछपवी ठरते. कंपनीची अडचणही खरी असते. डेटा देशाबाहेर जाऊ नये असं क्लायंटच्या करारात लिहिलेलं असू शकतं, आणि तुम्ही तिकडून महिनोन् महिने काम केलंत तर कंपनीच्या मागं त्या देशाचा टॅक्स लागू शकतो. म्हणून ईमेलवर परवानगी घ्या. देश, तारखा आणि ऑफिसचा लॅपटॉप न्यायचा की नाही, तिन्ही त्यात असू द्या. तोंडी 'हो, जा की' याला काही अर्थ नाही.

व्हिसा आणि दिवसांचा हिशेब

टुरिस्ट व्हिसावर लॅपटॉप उघडला तर कोण बघतंय, असं म्हणणारे असतात. पासपोर्ट तुमचा असतो, त्यांचा नाही. या कामासाठी आता वेगळे व्हिसा आहेत. मलेशियाचा डीई रँताऊ 2022 पासून आहे, थायलंडचा डीटीव्ही जुलै 2024 पासून. डीटीव्ही पाच वर्षांचा असतो, एका खेपेला 180 दिवस राहता येतं, पण 5 लाख बाट शिल्लक दाखवावी लागते. यात एक मेख आहे. थायलंडमध्ये एका कॅलेंडर वर्षात 180 दिवस भरले की तुम्ही तिथले टॅक्स रेसिडेंट ठरता. म्हणजे व्हिसा जेवढं राहू देतो तेवढं राहिलात की टॅक्सच्या दारात उभे. तिकीट काढण्याआधी सीएला एकदा विचारा, आणि व्हिसाचे नियम दूतावासाच्या संकेतस्थळावर त्याच आठवड्यात पुन्हा बघा.

थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड, म्हणजे देशात येण्याचा ऑनलाइन फॉर्म, पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं आणि ते फुकट आहे. पैसे मागणारी साईट दिसली की बंद करा.

घड्याळात मीही फसले. न्यूयॉर्कच्या क्लायंटची सकाळी नऊची मीटिंग चियांग माईत रात्री नऊला असायची. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेनं घड्याळ तासभर पुढं नेलं आणि मीटिंग आठला आली. भारत आणि थायलंड घड्याळं हलवत नाहीत, त्यामुळं माझ्या ध्यानातच आलं नाही. मी नऊला कॅमेरा लावून बसले तेव्हा सगळे निघून गेले होते.

मार्चच निवडला हीसुद्धा चूकच. सोलापूरच्या उन्हातून सुटायला गेले, तर चियांग माईत फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि रानं पेटवल्याचा धूर. डोंगर आठवडाभर दिसला नाही.

खोली घेताना 'वायफाय आहे का' असं विचारू नका, आहेच म्हणतात. स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट मागवा आणि त्यात अपलोडचा आकडा बघा. व्हिडिओ कॉलला चार-पाच एमबीपीएस पुरतं. दुबईला जाणार असाल तर व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातात, कॉल लागत नाहीत, हे घरच्यांना आधीच सांगा.

आणि डबा. मामेभाऊ दुबईला निघाला तेव्हा आईनं डिंकाचे लाडू भरले. त्यात खसखस. अमिरातीत आणि सिंगापुरात खसखशीवर बंदी आहे, हे तिला पटेना.

"अगं, चिमूटभर तर घातलीय."

"चिमूटभरही चालत नाही गं."

लाडू घरीच राहिले. त्यांच्या जागी अर्धा किलो शेंगा चटणी गेली.