सोलापुरात ग्राफिक डिझायनर व्हायचंय? आधी चटणीचं पाकीट उलटं करा

सॉफ्टवेअर नंतर उघडा. आधी किराणा दुकानातून शेंगा चटणीची तीन वेगवेगळी पाकिटं आणा आणि त्यांची मागची बाजू वाचा. हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका, एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी क्रमांक, निव्वळ वजन, सर्व करांसह एमआरपी, पॅकिंगची तारीख, उत्पादकाचा पत्ता, तक्रारीसाठी फोन. शेंगदाणा ॲलर्जी करणाऱ्या पदार्थांत मोडतो, म्हणून त्याची वेगळी ओळ. अक्षरं किती बारीक चालतील यालाही पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांनी मर्यादा घातलेली आहे. एवढं सगळं तळहाताएवढ्या जागेत बसवायचं आणि वर पाकीट देखणंही दिसलं पाहिजे. आपला धंदा तो हाच. चित्रकला चांगली असली तर उत्तमच, पण तेवढ्यावर पोट भरत नाही.

आता त्यातलं सगळ्यात गचाळ पाकीट निवडा आणि तेच नव्याने करा. मजकूर एका शब्दानेही कमी करायचा नाही. हे तुमचं पहिलं काम.

हत्यारं

इथल्या फ्लेक्स आणि पत्रिकांच्या दुकानांत कोरलड्रॉ चालतं. पुण्या-मुंबईच्या एजन्सीत इलस्ट्रेटर आणि फोटोशॉप. पैसे नसतील तर इंकस्केप आणि जिम्प फुकट आहेत, शिकायला भरपूर झाले. कॅनव्हा वापरा, पण त्यातले तयार साचे बदलून ‘मी डिझायनर’ म्हणू नका. ते काम दुकानदाराचा नववीतला पोरगाही करतो.

मराठी अक्षर नीट बसवा

ट्यूटोरियलं बहुतेक इंग्रजी अक्षरांवरच असतात, त्यामुळे नवी पोरं इथेच अडकतात. श्रीलिपीसारख्या जुन्या मराठी टायपिंगच्या पद्धतीत टाइप केलेला मजकूर, समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन दिसतो. म्हणून युनिकोडची, म्हणजे कुठल्याही मोबाइल-कॉम्प्युटरवर वाचता येणाऱ्या अक्षरांची, सवय लावा. मुक्ता, बालू, तिरो देवनागरी मराठी हे फॉन्ट फुकट मिळतात आणि धंद्यासाठी वापरता येतात. इलस्ट्रेटर किंवा फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं तुटली, पहिली वेलांटी भलत्याच ठिकाणी गेली, तर फॉन्टला शिव्या देऊ नका. आधी सेटिंगमध्ये जाऊन भारतीय लिपींचा पर्याय चालू आहे का ते बघा. इंग्रजीत अक्षरांमधलं अंतर वाढवलं की नाव भारदस्त दिसतं, मराठीत तसं केलं की बऱ्याच फॉन्टमध्ये शिरोरेषेचे तुकडे पडतात. आणि ‘ल’, ‘श’ मराठी वळणाचे आहेत का हेही पाहा. गिऱ्हाइकाला कारण सांगता येत नाही, पण हिंदी वळणाचा ‘ल’ त्याला खुपतो.

सोलापुरात आणखी एक भानगड असते. पूर्व भागातला गिऱ्हाईक तेलुगू ओळ मागतो, अक्कलकोटकडचा कन्नड. ती लिपी येत नसेल तर वाचणाऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय फाइल पाठवू नका.

सहा महिने छापखान्यात

पगार कमी मिळेल, तरी जा. ऑफसेट, म्हणजे प्लेटवरून शाईने छापणारं मशीन, असेल तर उत्तम. स्क्रीनवरचा झळझळीत निळा कागदावर का मरतो, हे तिथे डोळ्यांनी दिसतं: स्क्रीन प्रकाशाचे तीन रंग मिसळते, मशीन शाईचे चार. कागदावरच्या कामासाठी फोटो ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके) हवा. फ्लेक्स लांबून बघतात, त्यामुळे पूर्ण मापात ७२ ते १०० चालतो. कापणीसाठी चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड सोडा, म्हणजे रंग कापायच्या रेषेबाहेर तेवढा वाढवा. बारीक काळा मजकूर फक्त काळ्या शाईतच ठेवा. चार शायांचा केला आणि प्लेट केसभर सरकली की अक्षराला रंगीत भुतं चिकटतात. फाइल देताना मजकूर कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचे आकार करा, म्हणजे समोर फॉन्ट नसला तरी चालेल. पण एक न केलेली प्रत स्वतःकडे ठेवा.

फ्लेक्सला नाकं मुरडणाऱ्यांसाठी एक आठवण. आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरपुरात १९१५ साली जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवत होते.

काम कुठे आहे

नवी पेठेत ‘लोगो करून देतो’ म्हणत फिरू नका, ‘फुकटात टाक की बे’ हेच ऐकायला मिळेल. जिथे माल बाहेरगावी जातो तिथे जा. शाळेचे गणवेश शिवणाऱ्यांना टॅग, लेबल, कॅटलॉग लागतात. टॉवेलवाल्यांना निर्यातीसाठी खोके आणि पट्ट्या लागतात. डाळिंबाच्या पेट्या आहेतच. पाच-सहा कारखानदारांना त्यांच्याच मालाचं सध्याचं लेबल आणि तुमचं सुधारलेलं लेबल शेजारीशेजारी छापून दाखवा. लग्नसराई आणि जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा यांच्या तोंडावर जाहिरातींची कामं कुणाला तरी दिलेली असतात, तेव्हा विचारायला जाऊन उपयोग नाही. दोन महिने आधी जा.

चादरीचं नक्षीकाम ही वेगळी वाट. जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, प्रत्येक चौकोन म्हणजे ताणा-बाण्याचा एक छेद, आणि रंग मोजकेच. चौकटीच्या कागदावर मोर काढून बघा. वळण पायऱ्या-पायऱ्यांनी येतं. हे जमणारी माणसं कमी आहेत.

बाहेरगावच्या कामासाठी बिहान्स या डिझायनरांच्या कामाचे नमुने दाखवणाऱ्या वेबसाइटवर आठच नमुने टाका, पण प्रत्येकाखाली अडचण काय होती ते दोन ओळींत लिहा.

पैसे आणि प्रूफ

निम्मे पैसे आधी. दोन दुरुस्त्या दरात, तिसरीचे वेगळे. हे सुरुवातीलाच लिहून पाठवा. आधारवर उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, मोफत होते. ती असेल तर लहान उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे व्यापाऱ्याला ४५ दिवसांपलीकडची उधारीची मुदत करारातही घालता येत नाही. फक्त सेवा देत असाल तर वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही.

माझ्या पहिल्या वर्षी एका दुकानाची ५० बिलबुकं छापून आली आणि फोन नंबरात एक आकडा चुकलेला निघाला. मालक फोनवर ‘ओके’ म्हणाला होता, पण माझ्याकडे पुरावा नव्हता. पैसे मीच भरले. तेव्हापासून प्रूफ, म्हणजे छापण्याआधी तपासायचा नमुना, व्हॉट्सॲपवर पाठवतो, खाली लिहितो, ‘नाव, नंबर, तारीख स्वतः वाचून ओके लिहा’, आणि ते अक्षरांत येईपर्यंत छापायला देत नाही. नुसता अंगठ्याचा इमोजी आला तर परत विचारतो.