क्रूझवर खिडकी नसलेली केबिन घ्यावी की अडलेल्या खिडकीची?

नागपूर किंवा अमरावतीच्या ट्रॅव्हल एजंटकडे क्रूझची चौकशी केली, की स्वस्तातले म्हणून बहुधा दोन पर्याय पुढे येतात. ‘इनसाइड’ केबिन जहाजाच्या पोटात असते आणि तिला खिडकीच नसते. ‘ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू’ केबिनला खिडकी असते, पण तिच्यासमोर लाइफबोट, ती टांगण्याचा लोखंडी सांगाडा किंवा एखादा खांब आलेला असतो. निवड करताना बहुतेक जण समुद्र किती दिसेल एवढेच विचारतात. माझ्या मते आधी उजेडाचा विचार करावा. कारण समुद्र पाहायला मोकळा डेक सर्व प्रवाशांना सारखाच खुला असतो, पण केबिनमध्ये दिवसाचा उजेड हवा असेल तर तो खिडकीतूनच यावा लागतो.

म्हणून पहिले काम म्हणजे बरोबर कोण येणार आहे ते पाहणे. आपल्याकडे खेड्यात उन्हाळाभर अंगणात किंवा गच्चीवर बाज टाकून झोपणारी, पहाटे उजाडताच उठणारी माणसे अजूनही पुष्कळ आहेत. इनसाइड केबिनमध्ये दिवा मालवला की भर दुपारीही मिट्ट काळोख होतो आणि सकाळ झाली हे घड्याळ पाहिल्याशिवाय कळत नाही. तरुणांना त्यात गाढ झोप लागते. पण रात्री दोनदा उठणाऱ्या आजीला किंवा बंद खोलीत जीव घाबरणाऱ्या माणसाला ते सोसत नाही. शंका असेल, तर बुकिंग करण्यापूर्वी घरातल्याच एका खोलीची दारे-खिडक्या लावून, फटीतून येणारा उजेडही अडवून एक रात्र झोपून पाहावे. ज्याला पहाटेपर्यंत अस्वस्थ वाटले, त्याच्यासाठी अडलेली का होईना, खिडकी घ्यावी. मात्र खिडकी म्हणजे वारा, असा समज करून घेऊ नये. या केबिनच्या खिडक्या सहसा कायमच्या बंद असतात आणि दोन्ही प्रकारांत हवा एसीचीच असते.

दुसरे काम अधिक बारकाईने करायचे आहे, कारण अडथळा हा शब्द फार सैल आहे. 1912 मध्ये टायटॅनिक बुडाली तेव्हा तिच्यावर सर्व प्रवाशांना पुरतील इतक्या लाइफबोटी नव्हत्या. त्यानंतर 1914 मध्ये समुद्रावरील सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आज जहाजाच्या दोन्ही बाजूंना लाइफबोटींच्या ज्या रांगा टांगलेल्या दिसतात, त्यांच्यामागे हा इतिहास आहे, आणि त्यांच्या मागे येणाऱ्या केबिन या अडथळ्यामुळेच स्वस्त मिळतात. कंपनीच्या संकेतस्थळावर जहाजाचा डेक प्लॅन, म्हणजे मजलावार नकाशा असतो. त्यात आपल्या केबिनचा क्रमांक शोधून लाइफबोटी कोणत्या मजल्यावर आहेत ते ताडून पाहावे. बोट खिडकीच्या खाली असेल, तर तिच्या छपरावरून दूरचा समुद्र दिसतो आणि अशी केबिन मिळाल्यास ती अवश्य घ्यावी. बोट अगदी समोर असेल, तर काही फुटांवर तिची भिंतच दिसते. उजेड येतो, पण मंद. खिडकी चालण्याच्या डेकवर उघडत असेल, तर येणारे-जाणारे आत डोकावतात, पडदा दिवसभर ओढून ठेवावा लागतो आणि ज्यासाठी जास्त पैसे दिले तो उजेडही जातो. अशा केबिनपेक्षा इनसाइड बरी. नेमक्या त्या क्रमांकाच्या केबिनच्या खिडकीतून काढलेला फोटो एजंटकडे आग्रहाने मागावा.

समुद्र लागण्याचा, म्हणजे मळमळ आणि चक्कर येण्याचा मुद्दाही येथेच पाहावा. शरीराला हालचाल जाणवते, पण डोळ्यांसमोरच्या भिंती स्थिर दिसतात, या विसंगतीमुळे त्रास वाढतो आणि क्षितिजाकडे पाहिल्यावर अनेकांना बरे वाटते. परंतु लाइफबोटीने क्षितिजच झाकले असेल, तर त्या खिडकीचा या कामी फारसा उपयोग नाही. एसटीच्या घाटप्रवासातही ज्यांना उलटी होते, त्यांनी खिडकीचा आग्रह सोडून खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या लांबीच्या मध्यावर येणारी केबिन निवडावी, कारण तेथे हेलकावे कमी जाणवतात. औषध निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून जवळ ठेवावे.

पैशांचा हिशेब कुटुंबाचा करावा, माणशी नव्हे. जाहिरातीतला दर बहुधा एका केबिनमध्ये दोघे राहतील असे धरून माणशी दिलेला असतो. कर, बंदर शुल्क आणि सेवा शुल्क त्यात धरले आहे की वेगळे, हे लेखी विचारावे. समजा, दोन केबिनमधल्या दरांत माणशी 2,000 रुपयांचा फरक आहे; चौघांचे 8,000 होतात. शिवाय मुंबईला जाण्या-येण्याचे रेल्वेभाडे आहेच. ज्या घरात वर्षाची मिळकत कापूस-सोयाबीनच्या भावावर ठरते, तेथे ही रक्कम लहान नाही. सर्व जण धडधाकट असतील आणि केबिनमध्ये फक्त झोपायलाच येणार असतील, तर मी निःशंकपणे इनसाइड केबिन घ्यायला सांगेन. वृद्ध आई-वडील दुपारी केबिनमध्येच विसावा घेणार असतील, तर त्यांच्यापुरती खिडकीची केबिन घ्यावी आणि मुलांनी शेजारच्या किंवा समोरच्या इनसाइड केबिनमध्ये राहावे. चौघांना एकाच केबिनमध्ये राहायचे असेल, तर तिसरा आणि चौथा पलंग अनेकदा वरून खाली ओढायचा असतो व त्यावर शिडीने चढावे लागते, हे लक्षात घ्यावे.

बुकिंग करताना ‘गॅरंटी’ नावाचा दर सांगितला, तर सावध राहावे. त्यात केबिनच्या प्रकाराची हमी असते, क्रमांक मात्र कंपनी नंतर ठरवते, त्यामुळे डेक प्लॅन पाहून केलेली सगळी मेहनत वाया जाते. थोडे अधिक पैसे देऊन क्रमांक आधी निवडता येत असेल तर तसेच करावे, आणि त्या केबिनच्या नेमक्या वर नाचगाण्याचे सभागृह, स्वयंपाकघर किंवा पोहण्याचा तलाव नाही ना, तेही नकाशात पाहावे. पावतीवर केबिनचा प्रकार आणि क्रमांक लिहिलेला असल्याशिवाय पूर्ण रक्कम भरू नये.

जहाजावर पोहोचल्यावर सामान उघडण्याआधी खिडकीचा पडदा बाजूला करून पाहावे. सांगितल्यापेक्षा अडथळा अधिक असेल, तर लगेच स्वागतकक्षात जाऊन शांतपणे दुसरी केबिन मागावी. मोकळी असेल तरच ती मिळते आणि ती मिळण्याची शक्यता जहाज सुटण्याच्या आसपासच सर्वाधिक असते.