पायांची प्रॅक्टिस, क्रेडिट पॉइंट आणि रिन्यूअल : या चुका टाळा

दादर-पार्ल्यापासून पार ठाण्या-डोंबिवलीपर्यंत ‘फूट क्लिनिक’च्या पाट्या दिसू लागल्या आहेत. घरटी एक तरी मधुमेही असलेल्या शहरात हे होणारच होतं. पण त्या पाटीमागे कुठे जनरल सर्जन बसलेले असतात, कुठे डायबेटॉलॉजिस्ट, कुठे हाडांचे डॉक्टर, तर कुठे फिजिओथेरपिस्ट. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये पोडियाट्रिस्टचा, म्हणजे पायांच्या विकारांवर उपचार करणाऱ्याचा, परवानाच वेगळा असतो. इथल्या एमबीबीएस डॉक्टरला पोडियाट्रीचं वेगळं रजिस्ट्रेशन मिळत नाही. त्यामुळे रिन्यूअल होतं ते डॉक्टर म्हणून असलेल्या मूळ नोंदणीचं, आणि व्याख्यानं-परिषदांना हजर राहून मिळणारे क्रेडिट पॉइंटही तिच्याच खात्यात जमा व्हावे लागतात. हे एकदा नीट लक्षात घेतलं की पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

दुसऱ्या देशाचे तास मोजत बसणं. नेटवर ‘पोडियाट्रिस्टना किती तास लागतात’ असं शोधलं की कॅलिफोर्नियाचे दोन वर्षांत 50 तास समोर येतात, फ्लोरिडाचे दोन वर्षांत 40. आकडे खरे आहेत, पण त्यांचा तुमच्याशी काही संबंध नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीवर असलेल्या डॉक्टरला पाच वर्षांत 30 क्रेडिट पॉइंट लागतात. त्याचं मूळ डॉक्टरांसाठीच्या 2002च्या आचारसंहितेत आहे : दर पाच वर्षांत किमान 30 तासांचं सीएमई, म्हणजे डॉक्टरांचं पदवीनंतर चालू राहणारं शिक्षण. नॅशनल मेडिकल कमिशनने 2 ऑगस्ट 2023ला नवी नियमावली काढली आणि त्याच महिन्याच्या 23 तारखेला ती स्थगितही केली. स्थगितीनंतर 2002चेच नियम पुन्हा लागू झाले. तरीही ‘नवे नियम लागू, लगेच वाचा’ असले फॉरवर्ड डॉक्टरांच्या ग्रुपवर अजून फिरतात. तारीख न बघता पुढे ढकलण्यात डॉक्टर मंडळी कुणाला हार जात नाहीत.

शिक्का पाहून भुलणं. अमेरिकेत कौन्सिल ऑन पोडियाट्रिक मेडिकल एज्युकेशन ही संस्था अभ्यासक्रम घेणाऱ्यांना मान्यता देते. तो शिक्का तिथल्या राज्यांच्या बोर्डांसाठी असतो. असा ऑनलाइन कोर्स केला तर ज्ञान मिळेल, ते घ्यावंच. पण त्या सर्टिफिकेटवर इथले पॉइंट आपोआप चढत नाहीत. फी भरण्याआधी आयोजकांना दोन गोष्टी विचारा : आमच्या कौन्सिलची मान्यता आहे का, आणि डेलिगेटला, म्हणजे ऐकायला येणाऱ्याला, किती पॉइंट मंजूर झालेत. ‘अप्लाय केलंय, येतील’ हे उत्तर मिळालं तर पॉइंट नाहीत असंच धरून चाला. परिषदेच्या पत्रिकेवर मोठमोठी नावं आहेत म्हणजे पॉइंटही तसेच असणार, हाही गैरसमज. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा बसलात तरी मिळतात ते मंजूर झालेलेच पॉइंट.

फिजिओथेरपिस्टची कौन्सिल वेगळी, होमिओपॅथीची वेगळी, आयुर्वेदाची वेगळी. एकाच हॉलमध्ये, एकाच रांगेत बसून डायबेटिक फूटचं तेच व्याख्यान ऐकलेल्या दोघांपैकी एकाला पॉइंट मिळतात आणि दुसऱ्याला फक्त जेवण. यात अन्याय काही नाही, मान्यता कुणाकडून घेतली होती एवढाच प्रश्न.

‘पोडियाट्रिस्ट’ हे बिरुद घाईने लावणं. 2021च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याच्या अनुसूचीत पोडियाट्रिस्टचा समावेश आहे. हे कळल्यापासून काही जणांनी शनिवार-रविवारच्या वर्कशॉपनंतर लेटरहेडच बदलून टाकलं. त्याच कायद्यात हेल्थकेअर प्रोफेशनलच्या व्याख्येत किमान 3,600 तासांची पदवी सांगितलेली आहे, तेवढं वाचायचं मात्र राहून जातं. डॉक्टरांसाठी 2002चे नियमही स्पष्ट आहेत : त्या शाखेची विशेष पात्रता नसेल तर स्वतःला स्पेशालिस्ट म्हणवता येत नाही. सीएमईचं सर्टिफिकेट म्हणजे हजेरीचा पुरावा, पदवी नव्हे. पाटीवर ‘मधुमेही पायांची तपासणी व उपचार’ एवढं लिहिलं तरी पेशंट येतातच. आणि रजिस्ट्रेशन नंबर प्रिस्क्रिप्शनवर, सर्टिफिकेटवर, पैशांच्या पावतीवरसुद्धा लागतो. पावतीवरचा हमखास राहतो.

शेवटच्या सहा महिन्यांत पॉइंटची शिकार. साडेचार वर्षं निवांत काढायची आणि मग दिसेल त्या सीएमईला नाव नोंदवायचं, ही पद्धत आपल्याकडे रुळलेली आहे. पॉइंट जमतात, नाही असं नाही. पण मग बोरिवलीचा सर्जन रविवारी सकाळी कुलाब्याला त्वचारोगावरच्या व्याख्यानाला डुलक्या काढत बसतो. रिन्यूअलला विषय आडवा येत नाही, पेशंटच्या पायाला मात्र येतो. डायबेटिक फूटवरच्या आंतरराष्ट्रीय गटाची मार्गदर्शक तत्त्वं दर चार वर्षांनी सुधारतात. ताजी आवृत्ती 2023ची. संवेदना गेलेल्या तळव्याला पुढच्या किंवा मधल्या भागात जखम असेल, तर भार काढण्यासाठी गुडघ्यापर्यंतचं, पेशंटला स्वतः काढता न येणारं साधन ही त्यात पहिली पसंती आहे. पाय फार सुजलेला, जंतुसंसर्ग किंवा रक्तपुरवठ्याची अडचण असेल तर विचार बदलतो. इतकं असूनही ‘मऊ चप्पल वापरा’ एवढ्यावर बोळवण झालेले पेशंट भेटतात. काढता येणारा बूट घरी आल्यावर दाराशीच निघतो, हे आपल्या घरांत वेगळं सांगायला नको.

म्हणून माझं मत असं : वर्षाला सहा पॉइंटचा हिशेब ठेवा आणि त्यातले निदान निम्मे आपल्या कामाच्या विषयात घ्या. डायबेटिक फूट सोसायटी ऑफ इंडियाच्या परिषदेसारखं काही असेल तर उत्तमच. त्यातही हाताने काम करून दाखवणारं सत्र निवडा. 10 ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे संवेदना तपासायचा नायलॉनचा धागा, तळव्यावर किती दाबायचा, तर तो वाकेपर्यंत. जाड घट्ट्यावर टेकवायचा नाही. आणि पेशंटने डोळे मिटलेले असले पाहिजेत. स्लाइडवर हे दहा सेकंदांत सरकून जातं. समोर खुर्चीत पाय पसरून माणूस बसला की नवशिके घट्ट्यावरच टेकवतात आणि ‘संवेदना नाही’ असं लिहून मोकळे होतात.

सही करून सटकणं. सकाळी रजिस्टरमध्ये सही, चहा, एक व्याख्यान, मग ओपीडी. जेवणानंतर हॉल ओस पडतो, हे आयोजकांना ठाऊक असतं आणि कौन्सिलच्या ऑब्झर्व्हरलाही.

नावाची गडबड. ही चूक किरकोळ वाटते, पण अर्ज अडतो तो इथेच. नोंदणी माहेरच्या नावाने, सर्टिफिकेट सासरच्या नावाने, मधल्या नावात कधी वडील तर कधी पती, आणि डेस्कवर बसलेल्या मुलाने आडनावाचं स्पेलिंग स्वतःच्या मनाने लिहिलेलं. बॅज हातात आला की तो फक्त गळ्यात अडकवू नका, वाचा. नाव नोंदणीतल्यासारखंच हवं आणि रजिस्ट्रेशन नंबर बरोबर हवा. दुरुस्ती त्याच दिवशी दोन मिनिटांत होते. तीन वर्षांनी आयोजकांचा सेक्रेटरी बदललेला असतो आणि फोन कुणी उचलत नाही. लग्नानंतर नाव बदललं असेल तर कौन्सिलकडेही ते रीतसर बदलून घ्या, पत्त्याचंही तसंच. सर्टिफिकेट मिळालं की स्कॅन करून फाइलच्या नावात वर्ष आणि पॉइंट लिहून ठेवा. मूळ कागद क्लिनिकच्या माळ्यावर ठेवू नका. मुंबईच्या पावसाळ्यात तो तिथे टिकत नाही.

कंपनीच्या तिकिटावर परिषद. इनसोल, ड्रेसिंग, अँटिबायोटिक विकणाऱ्या कंपन्या ‘डॉक्टर, गोव्याची कॉन्फरन्स आमच्याकडून’ असं सहज म्हणून जातात. डिसेंबर 2009मध्ये आचारसंहितेत केलेल्या दुरुस्तीनुसार डेलिगेट म्हणून सीएमईला जाण्यासाठी औषध किंवा आरोग्यक्षेत्रातल्या कंपनीकडून प्रवासखर्च घेता येत नाही, देशात नाही आणि परदेशातही नाही. पॉइंट वैध असले तरी तिकीट नियमबाह्यच ठरतं. मार्च 2024मध्ये औषध कंपन्यांसाठी मार्केटिंगची नवी संहिता आल्यापासून त्यांनाही याबाबत सांभाळून राहावं लागतं. लोणावळ्यापर्यंतची गाडीसुद्धा प्रवासातच मोडते.

परदेशातली नोंदणी आहे, पण घर मुंबईत. इंग्लंड किंवा ऑस्ट्रेलियात पोडियाट्री शिकून आईवडिलांसाठी परतलेली मुलं तिथली नोंदणी चालू ठेवतात आणि इथे केलेलं काम नोंदवायला विसरतात. इंग्लंडच्या कौन्सिलमध्ये तासांची सक्ती नाही. दर दोन वर्षांनी रिन्यूअल होतं आणि त्या वेळी 2.5 टक्के जणांना ऑडिटसाठी निवडलं जातं. कौन्सिलला सर्टिफिकेटांची थप्पी नको असते. काय शिकलात आणि त्याचा पेशंटला काय उपयोग झाला, हे लेखी हवं असतं. ऑस्ट्रेलियात वर्षाला 20 तास लागतात, त्यांतले पाच इतरांशी प्रत्यक्ष देवाणघेवाण होईल असे. एकट्याने रात्री व्हिडिओ बघून हे पाच तास भरत नाहीत. इथल्या हॉस्पिटलमधल्या केस-चर्चेत नियमित बसत असाल तर तारीख, विषय आणि दोन ओळींची टीप त्याच संध्याकाळी लिहून ठेवा. ऑस्ट्रेलियाची नोंदणी 30 नोव्हेंबरला संपते. दिवाळी कधी ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरात असते, त्यामुळे हे काम फराळाच्या आधीच उरकलेलं बरं.