कोळशाच्या भट्टीत ब्रिकेट घालण्यापूर्वी

ड्रायरमधून निघालेला पहिला चहा मुठीत घेऊन हुंगला आणि पोटात धस्स झालं. धूर लागला होता. त्या दिवशी आम्ही आमच्या चहाच्या कारखान्यात कोळसा बंद करून लाकडाच्या भुशाच्या ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेल्या कांड्या, टाकल्या होत्या आणि भट्टी होती तशीच ठेवली होती. अख्खा लॉट बाजूला काढावा लागला. तुमच्याकडे असं होऊ नये म्हणून सविस्तर लिहितेय.

सुरुवात जळणापासून नको, एअर हीटरपासून करा. भट्टीतला गरम धूर नळ्यांमधून जातो, नळ्यांच्या बाहेरची हवा तापते आणि पंखा ती ओढून ड्रायरमध्ये सोडतो. नळीला सुईएवढं भोक असलं तरी पंख्याच्या ओढीने धूर त्या हवेत येतो, आणि चहा वास किती पटकन धरतो हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. भट्टी थंड असताना रात्री दिवे मालवा, एकेका नळीत छोटा बल्ब सरकवा आणि बाहेरून बघा. आमच्या दोन नळ्यांवर उजेडाचे ठिपके दिसले, त्यातला एक अगदी जोडापाशी. धुरातून चहात अँथ्राक्विनोन हे घातक मानलं जाणारं रसायनही उतरू शकतं. युरोपीय संघात चहासाठी त्याची मर्यादा किलोला ०.०२ मिलिग्रॅम इतकी कडक आहे, त्यामुळे नळी बदलण्यात कंजुषी करू नका.

आता हिशेब. आंबवलेला पाला ड्रायरमध्ये जाताना त्यात साधारण ६८ टक्के पाणी असतं आणि चहा निघतो ३ टक्क्यांवर. म्हणजे किलोभर चहामागे दोन किलो पाणी उडवायचं. कोळसा किलोला ५,००० किलोकॅलरीचा आणि ब्रिकेट ३,८०० ची धरली, तर १०० किलो कोळशाच्या जागी सुमारे १३० किलो ब्रिकेट लागतात. ब्रिकेट कोळशापेक्षा हलक्या असल्यामुळे गोदामाला जागा जवळपास पावणेदोन पट हवी, तीही कोरडी. ज्या लाकडाचं निम्मं वजन पाण्याचंच आहे, त्यातून जेमतेम १,९०० किलोकॅलरी हाती लागतात. असं लाकूड स्वस्त पडतं हा निव्वळ भास आहे.

म्हणून ओलावा स्वतः मोजा. ट्रकच्या मधल्या थरातून तुकडे काढा, फोडून १०० ग्रॅम तोला आणि १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. १० ग्रॅमपेक्षा जास्त घट आली की मी ट्रक परत पाठवते. भाताच्या तुसाच्या ब्रिकेट असतील तर १५ ते २० टक्के राख उपसायची तयारी ठेवा. आणि उभी झाडं तोडून आलेलं लाकूड घेऊच नका. तसं केलं तर कोळसा सोडून आपण मिळवलं काय?

खरी मेख भट्टीत आहे. कोळसा बराचसा जाळीवर बसूनच जळतो. ब्रिकेटचा सुमारे ७० टक्के भाग तापला की वायू होऊन वर उठतो आणि जाळीच्या वरच्या पोकळीत जळतो. तिथे हवा मिळाली नाही तर तोच काळा धूर होऊन चिमणीतून निघून जातो. तेव्हा खालचा ब्लोअर कमी करा आणि विस्तवाच्या वर, मागच्या भिंतीतून हवा आत येईल अशी छिद्रं पाडून घ्या. आमची छिद्रं पहिल्यांदा उघडली तेव्हा मी दाराच्या फटीतून बघत होते. लाल, धुरकट, आळसावल्यासारखी लोळणारी ज्वाळा बघता बघता आखडली आणि पिवळीधमक झाली. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "चिमणी स्वच्छ झाली!"

जाळीच्या सळ्यांमधली फटही कमी करावी लागते, कारण अर्धवट जळलेल्या ब्रिकेट फुटतात आणि पेटते तुकडे राखेत पडतात.

भट्टीत जळण टाकणाऱ्या फायरमनना मात्र नुसती सूचना देऊन भागत नाही, त्यांच्यासोबत दोन-तीन पाळ्या उभं राहा. कोळशाला अर्ध्या तासाने फावडी भरभरून टाकायची सवय असते. ब्रिकेट दर आठ-दहा मिनिटांनी, थोड्या थोड्याच टाकायच्या. एकदम ढीग घातला की तापमान आधी पडतं, मग उसळतं. चेन ड्रायरला, म्हणजे साखळीवरच्या ट्रेमधून पाला सरकवणाऱ्या ड्रायरला, आत जाणारी हवा आम्ही ९५ ते १०० अंशांवर ठेवतो. तापमान पडलं तर पाला शिजल्यासारखा होऊन चव मरते, चढलं तर दाणा वरून वाळतो आणि आत ओलाच राहतो. आमचे सगळ्यात जुने फायरमन काका आठवड्याभरात चिमणीकडे बघूनच हवा कमी-जास्त करू लागले. बाकीचे त्यांच्याकडूनच शिकले.

कोळसा आणि ब्रिकेट एकाच जाळीवर मिसळून जाळण्याचा आमचा अनुभव वाईट होता. राख वितळून दगडासारखे गोळे जाळीला चिकटले. एकच हीटर पूर्णपणे ब्रिकेटवर न्या, तो नीट बसला की दुसरा.

ब्रिकेटची राख हलकी असते, उडून नळ्यांत बसते. महिन्याने मारायचा ब्रश आम्ही दर आठवड्याला मारतो. चिमणीतलं तापमान चढतंय आणि ड्रायरची हवा थंडावतेय असं दिसलं, तर वार न बघता नळ्या साफ करायच्या.

काढलेली राख चहाच्या झुडपांच्या मुळाशी टाकू नका. चहाला आम्लधर्मी माती लागते आणि लाकडाची राख नेमकी उलट्या गुणाची. आम्ही ती पूर्ण विझवून, थंड करून, थोडी थोडी भाजीच्या वाफ्यांत मिसळतो.